सांग बघू, काय शिकलीस?

वसई रोडहून दिव्याकडे निघालेली मेमू कामण रोड सोडते आणि भिवंडी रोडच्या आधी खारबावला थांबते. या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच, मालगाड्या मात्र रात्रंदिवस. आजूबाजूला अजून भातशेती आहे आणि शेतांच्या कडेकडेने भिवंडीची गोदामं पुढे सरकत आली आहेत. इथल्या कितीतरी तरुण मुलामुलींचा दिवस गोदामात जातो आणि अभ्यास रात्री, फोनवर होतो. त्या अभ्यासात मन टिकत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. ते का टिकत नाही, यावर मात्र दोन पिढ्यांचं जमत नाही.

पुढचा संवाद अशाच एका ओटीवरचा म्हणून लिहिला आहे. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पुतणी बावीस वर्षांची, गोदामात इनवर्डच्या नोंदी करणारी आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करणारी. माणसं दोन्ही कल्पनेतली. वाद मात्र खरा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. दिवाळी नुकतीच झाली आहे. खळ्यावर भाताची उडवी रचलेली आहे. आत टीव्हीवर मालिका चालू आहे.

काका : किती वेळ झाला गं अभ्यास?

पुतणी : दीड तास. तीन व्हिडिओ संपले.

काका : मी इथेच बसलोय. तू मध्ये मध्ये दुसरीकडे बोट फिरवत होतीस. मी मोजलं, सात वेळा. याला तू अभ्यास म्हणतेस?

पुतणी : सात वेळा गेले, तशी सात वेळा परतही आलेच की, काका.

काका : परत आलीस, पण मन घेऊन आलीस का? आपल्या स्टेशनातलं उदाहरण घे. रेल्वेचा मूळ नियम काय? दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर आल्याशिवाय मागच्या स्टेशनाने गाडी सोडायची नाही. तुझ्या डोक्यात मात्र चार गाड्या एकदम घुसलेल्या असतात. मैत्रिणीचा मेसेज, सेलची जाहिरात, कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ आणि त्यातच बिचारा तुझा ताळेबंद.

पुतणी : हे मात्र मला पटतं. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, की पहिल्याचा काही अंश डोक्यात मागे उरतो. आपण पुढचं काम सुरू करतो, पण मागच्या गाडीचे डबे अजून रुळावरच असतात.

काका : मग फोन टाकून दे ना! योगसूत्रांत मन आवरायचे दोन उपाय एकत्र सांगितलेत, अभ्यास आणि वैराग्य. तुम्हाला अभ्यास हवा असतो, वैराग्य नको असतं. मिठाईचं ताट मांडीवर घेऊन कुणी उपास करतं का?

पुतणी : ताट मांडीवर ठेवायची मला हौस नाही, काका. पण माझी पोळी त्याच ताटात वाढलेली आहे, त्याला काय करू? तुम्ही शिकलात तेव्हा शाळेची इमारत वेगळी होती, बाजार वेगळा होता आणि तमाशाचा तंबू आणखी वेगळ्या ठिकाणी. वाटेने चालत जावं लागायचं, त्यातच मन आवरायला वेळ मिळायचा. माझी शाळा, बाजार आणि तंबू एकाच सहा इंचांत आहेत. फोन टाकला तर तंबूबरोबर शाळाही जाते. दिवसाची शिफ्ट सांभाळून मी कोणत्या कॉलेजात जाऊ?

काका : काही गावांनी हिंमत दाखवली. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरावच केला. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल नाही. मला आवडलं ते.

पुतणी : त्यांची काळजी मला समजते. पण २०२० चा मार्च आठवा. शाळा बंद झाल्या, त्यानंतर आमच्या पिढीपुढे दुसरी वाट कोणती होती? तुम्हीच तेव्हा मुलांना दीक्षा ॲपवरचे धडे पाठवत होतात. सरकारचा उपक्रमच होता, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’.

काका : पाठवत होतो आणि रात्री मला झोप लागत नव्हती. वर्गात चाळीस मुलं, त्यातल्या कितीजणांच्या घरी तेव्हा फोन असायचा? एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जायचा. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं तेव्हा मला जरा हायसं वाटलं. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होतं ते. त्यात घरातल्याच वस्तू घेऊन, घरातल्यांबरोबर करायच्या कृती असत. पोर नुसतं पडद्याकडे बघत बसायचं नाही, उठून काहीतरी करायचं.

पुतणी : हे वाक्य लक्षात ठेवा, काका. मी पुन्हा त्यावर येणार आहे.

काका : आधी माझं ऐक. तुझ्या गोदामात फोन चालतो का?

पुतणी : नाही. गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा, सुटताना घ्यायचा.

काका : आणि तिथे तुझं लक्ष उडतं?

पुतणी : फारसं नाही.

काका : झालं तर मग! फोन बाहेर, लक्ष आत. माझं म्हणणं तुझ्याच नोकरीने सिद्ध केलं.

पुतणी : मलाही आधी असंच वाटायचं. अर्धं खरंही आहे ते. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. आवाज सगळ्यांचेच बंद. डोकं लावायची कामं दिली, तर दुसऱ्या खोलीत फोन ठेवणारे सरस ठरले. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा सगळ्यांना परिणाम तितका दिसला नाही. म्हणून मी त्यावर सगळा भार टाकत नाही. पण गोदामाचं कारण वेगळं आहे, ते मला उशिरा उमगलं.

काका : कोणतं?

पुतणी : माझ्या हातात स्कॅनर असतो. बॉक्स आला की बारकोडवर धरायचा. बरोबर असेल तर एक बीप, चुकलं तर वेगळाच आवाज आणि पडद्यावर लाल रेघ. प्रत्येक बॉक्स मला विचारतो, नग किती, माल कुठला, कोणत्या रॅकला? उत्तर दिल्याशिवाय पुढचा बॉक्स हलत नाही. आठ-नऊ तास कुणी ना कुणी मला प्रश्न विचारत असतं, म्हणून लक्ष राहतं. व्हिडिओ मला काहीच विचारत नाही. मी ऐकतेय की झोपलेय, त्याला कळतच नाही. तो पुढे जातो आणि शंभर टक्के झाले म्हणून हिरवी खूण देतो.

काका : हं.

पुतणी : खरं सांगू? कित्येक महिने मी त्या हिरव्या खुणेलाच अभ्यास समजत होते. खुणा वाढत गेल्या आणि परीक्षेत पेपर हातात आला तेव्हा पान कोरं. सगळं पाहिलेलं आठवत होतं, लिहिता काहीच येत नव्हतं. रडले होते त्या दिवशी.

काका : सांगितलं नाहीस तेव्हा.

पुतणी : तुम्ही म्हणाला असतात, फोनमुळे झालं. आणि ते पूर्ण खरं नव्हतं.

*(आतून हाक येते. मीठ संपलंय, डबा कुठे ठेवला? ती उठून आत जाते, पाच मिनिटांनी येते.)*

काका : मघाशी तुझं बोट फिरलेलं मी मोजलं. हाका मोजल्या नव्हत्या.

पुतणी : संध्याकाळपासूनची ही पाचवी. माझ्या फोनमधल्या नोटिफिकेशन मी बंद करू शकते, काका. स्वयंपाकघरातून येणारी कशी बंद करू? दादा बारावीला होता तेव्हा या घरात टीव्हीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आई पाण्याचा ग्लास ठेवायलासुद्धा पावलं न वाजवता यायची. माझ्या वेळी मात्र, ती फोन घेऊनच बसलीय, जरा कोथिंबीर निवडून देईल. पुस्तक हातात असलं की माणूस अभ्यासाला बसलेला दिसतो. फोन हातात असला की रिकामा दिसतो.

काका : मीसुद्धा तसंच समजतो. आज सकाळीच तुला दुकानात पाठवलं.

पुतणी : आणि टीव्ही. कॅनडातला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वर्गात लॅपटॉपवर भलतंच काहीतरी करत बसणाऱ्यांचे गुण इतरांपेक्षा ११ टक्के कमी पडले. पण जे स्वतः नीट टिपणं काढत होते, फक्त पुढच्याचा असा लॅपटॉप त्यांच्या नजरेसमोर होता, त्यांचे १७ टक्के कमी पडले. दुसऱ्याच्या पडद्याचा त्रास नुसतं बघणाऱ्यालाही झाला. आत मालिका लागली की मी कानाने तिथेच असते.

काका : मग तुला सांगलीकडचं गाव आवडेल. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजतो. दीड तास गावातले टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याला मोकळं.

पुतणी : बान्सीपेक्षा हे मला जवळचं वाटतं. तिथे मुलांच्या हातून काढून घेतलं, इथे मोठ्यांनीही खाली ठेवलं. आणि कायमचं नाही, दीड तासच.

काका : शाळेत घंटा होती, त्याचं मोल आता कळतंय. घंटा झाली की गाव थांबायचं आणि तास सुरू व्हायचा. ऑनलाइनमध्ये पुस्तक आलं, फळा आला, मास्तर आले, घंटा तेवढी मागे राहिली.

पुतणी : ती मी घड्याळावर लावते. फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं मन लागत नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ घेतलं आणि त्यावर वेळ लावून अभ्यास सुरू केला. ही १९८० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. त्यातूनच २५ मिनिटं काम आणि थोडी विश्रांती ही पद्धत आली. मी २५ मिनिटांचा गजर लावते आणि त्याआधी फोनचं पुस्तक करते.

काका : म्हणजे काय करतेस?

पुतणी : व्हिडिओ आधीच उतरवून ठेवते आणि बसताना नेट बंद करते. मग त्या फोनमध्ये ना मेसेज येत, ना जाहिरात. तो फक्त बोलणारं पुस्तक होतो. थेट वर्ग असेल तर हे चालत नाही. तेव्हा वही पुढ्यात घेते, हात रिकामे ठेवत नाही. मध्येच काही आठवलं, रिचार्ज संपलंय, अमकीला फोन करायचाय, तर ते वहीच्या शेवटच्या पानावर एका शब्दात लिहून टाकते. लिहिलं की ते डोक्यातून उतरतं.

काका : इतकं सगळं करतेस, तरी आज सात वेळा बोट फिरलं.

पुतणी : हो, कारण आज मी नेट बंदच केलं नव्हतं. दमले होते. नऊ तास उभं राहून आल्यावर नियम पाळायचीही ताकद उरत नाही. योगसूत्रांतला तुमचा पहिला उपाय, अभ्यास, त्याचा अर्थ तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न असाच आहे ना? मन जाणारच. त्याला न रागावता परत आणायचं, आणि उद्या नेट बंद करायला विसरायचं नाही.

काका : बरोबर बोललीस. मी वैराग्यावरच जास्त जोर देत होतो. पण बाय, एक शंका उरतेच. तू मघाशी म्हणालीस, व्हिडिओ विचारत नाही. मग विचारायचं कुणी?

पुतणी : मी स्वतः. हे मला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने शिकवलं. मराठीतही आहेत ते पाठ, साधारण दहा दहा मिनिटांचे. गोदामात हिशोबाच्या टेबलावर जायचं म्हणून मी लिबरऑफिस कॅल्क शिकायला घेतलं. त्यांची पद्धत अशी, की पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडून ठेवायचं. थोडं ऐकायचं, थांबवायचं, आपण करून बघायचं. जमलं नाही तर मागे जायचं. त्या पाठांत माझं मन उडालं नाही. ‘टिलीमिली’बद्दल तुम्ही म्हणालात ते इथे पुन्हा येतं. पोर उठून काहीतरी करतं, तेव्हाच शिकतं.

काका : हिशोबाचं सॉफ्टवेअर करून बघता येतं. पण कंपनी कायदा? अर्थशास्त्र? ते कसं करून बघशील?

पुतणी : फोन पालथा घालून आठवायचं, हेच त्यातलं करणं. हार्वर्डमध्ये २०१३ साली २१ मिनिटांच्या एका व्हिडिओ व्याख्यानाचे चार तुकडे केले. काही जणांची प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी घेतली, काहींची नाही. व्याख्यान चालू असताना मधूनच विचारलं, आत्ता मन कुठे आहे? चाचणी नसलेल्यांचं मन ४१ टक्के वेळा भरकटलेलं निघालं, चाचणी असलेल्यांचं १९ टक्के. विषय तोच, पडदा तोच. थोड्या वेळाने कुणीतरी विचारणार आहे, एवढं ठाऊक असलं की मन घरी थांबतं.

काका : *(थोडं थांबून)* हे मला हार्वर्डने सांगायला नको होतं. तीस वर्षं मी तेच केलं. फळ्याकडे पाठ करून कधी शिकवलं नाही. खिडकीबाहेर बघणारा पोर दिसला की, ऊठ, सांग बघू, आत्ता मी काय म्हणालो? बाकी सगळी पोरं सावरून बसायची. मला वाटायचं, माझ्या धाकाने बसतात.

पुतणी : धाकाने नसतील बसत. आपली पाळी येईल म्हणून बसत असतील.

काका : मग तेव्हा उगाच ओरडलो म्हणायचं. नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं.

पुतणी : अमेरिकेत २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून आम्ही फसतो, काका. पुन्हा पाहिलं की लगेच सगळं येतंय असं वाटतं, आणि आठवड्याने हात रिकामे. आठवताना अडखळायला होतं, लाज वाटते, पण तेच टिकतं.

काका : आणि तू हे रोज करतेस?

पुतणी : करायचं ठरवते. पण रात्री स्वतःच स्वतःला विचारायचं जिवावर येतं. आपण आपल्याला फार लवकर माफ करतो. आलं बहुतेक, म्हणून पुढचा व्हिडिओ लावतो.

काका : मग मी विचारेन.

पुतणी : तुम्हाला कॅल्क येत नाही, काका.

काका : नसेना का. वर्गात परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनाही सगळे विषय कुठे यायचे? मला येत नाही हेच बरं. मला कळेल असं तुला सांगावं लागेल. मला कळलं नाही म्हणजे तुलाही नीट कळलेलं नाही, इतकं साधं गणित. आठ ते साडेनऊ तुझे. टीव्हीचं मी बघतो. साडेनऊला मी इथे ओटीवर, तू फोन आत ठेवून यायचं. पाच प्रश्न.

पुतणी : आणि हाका?

काका : त्या वेळात कुणी तुला हाक मारली तर मी उठेन. मीठ कुठे असतं ते मलाही कळायला हवं. आपल्या घराने तुला लाइन क्लिअर दिलंच नव्हतं आजवर, आणि मी मात्र गाडी उशिरा का आली म्हणून विचारत बसलो.

पुतणी : काका, एक दिवसही चुकवायचा नाही हं. मी चुकवेन, तुम्ही चुकवू नका.

*(काका आत जातात. कुणाशी तरी दोन शब्द बोलण्याचा आवाज येतो, थोडी कुरबूर होते, मग मालिकेचा आवाज बंद होतो. लांबून मालगाडीची धडधड आता स्पष्ट ऐकू येते. काका परत येऊन खुर्ची तिच्या समोर ओढून घेतात.)*

काका : आजचा दीड तास वाया जाऊ द्यायचा नाही. फोन आत ठेवून ये.

पुतणी : *(ठेवून येते)* आज तीन व्हिडिओ पाहिले. पहिला घसाऱ्याचा होता.

काका : घसारा म्हणजे? मी भात पिकवणाऱ्या घरातला मास्तर आहे, असं समजून सांग.

पुतणी : म्हणजे... आपला पंप घ्या. विकत घेतला तेव्हा त्याची जी किंमत होती, ती आता नाही. दरवर्षी तो झिजतो, तर ती झीज... दर वर्षीच्या खर्चात... *(थांबते)* दोन पद्धती आहेत. एक सरळ रेषेची. दुसरी... दुसरी आत्ताच पाहिली होती मी.

काका : घाई नाही. आठव. मी बसलोय.